किमान तापमान

पहाटे चार दहाला पुण्याच्या मशीनवरून निरोप आला:
काम पूर्ण. आठशे सोळा फायली.
नाशिकरोडला, तिसऱ्या मजल्यावर,
पायांत दोन-दोन मोजे, मांडीवर लॅपटॉप,
मी नऊशे कोटी वर्षं उघडून बसले.

कागदोपत्री आम्ही लिहितो दीर्घिकासमूह.
मी मनात घड म्हणते.
हजारेक दीर्घिका, आणि त्यांच्या मधल्या रिकामपणात वायू,
सगळ्या ताऱ्यांहून वजनाला कितीतरी जास्त,
सात कोटी अंश.

केल्विन की सेल्सिअस, नानांनी विचारलं होतं.
इतक्यावर काही फरक पडत नाही, मी म्हटलं,
आणि ते दुखावले.
चौतीस वर्षं निफाडजवळच्या केंद्रावर
पांढऱ्या झडपांची पेटी उघडून
त्यांनी रात्रीचं किमान वाचलं, दशांशासकट.
पेटीचं दार उत्तरेला. जमिनीपासून चार फूट.
वाचताना श्वास रोखायचा,
माणसाची वाफसुद्धा आकडा बिघडवते.

"एवढं पेटवलं कुणी?"
कुणी नाही. पडता पडता तापला.
विहीर इतकी खोल, की काहीही टाका,
तळाला पोचेतो त्याची आग होते.
"आणि त्यात हात घातला तर?"
गारठून जाल.
लिटरभराच्या बाटलीत एखादा कण सापडेल,
धावतो जिवाच्या आकांतानं,
पण चटका द्यायला एकटा काय पुरणार?
नानांनी स्वेटरची बटणं लावली, एक चुकीच्या काजात.
"म्हणजे तापमान आहे, ऊब नाही."

हे वाक्य मी शोधनिबंधात घातलं.
फरीदा मॅडमनी खोडलं,
समासात लिहिलं: छान आहे, पण संदर्भ?

तर आज पहाटे
नकाशाच्या मधोमध पुन्हा तोच निळा ठिपका.
वायू दाटतो, दाटला की उजळतो,
उजळला की निवतो, निवला की आणखी आत घसरतो,
आणि माझ्या घडाच्या पोटात
वर्षाला शेकड्यांनी तारे जन्मतात
जे आकाशात कुणी पाहिलेले नाहीत.
खरा घड आतून थंड होत नाही.
मधलं कृष्णविवर अधूनमधून फुंकर घालतं म्हणे.
माझ्याकडे ते कृष्णविवर म्हणजे एकशे बारावी ओळ.
तीन वेळा मी तिथला आकडा वाढवला.
तीन वेळा मोठा भडका, मग शांतता, मग निळा ठिपका.

नाना उठलेच होते.
रात्री कोठुऱ्याच्या पोपट सानपांचा फोन येऊन गेला होता,
पारा पाचाच्या खाली, बागेत शेकोट्या लावतोय.
"सांगितलं त्याला," नाना चहाचं आधण ठेवत म्हणाले,
"होळी करू नको. जाळ मोठा झाला
की ऊब सरळ वर निघून जाते, घडाला काही मिळत नाही.
लहान लहान कर. पुष्कळ कर. धुमसत ठेव."

मी कप तसाच ठेवला.
एकशे बारावी ओळ.
भडक्याचा उंबरठा शंभरपट खाली आणला,
वेळ तोडून बारीक केला,
प्रत्येक फुंकर इतकी हलकी
की एकटीनं ती कशालाच पुरू नये.
काम पाठवलं.
रांगेत तुमच्यापुढे एकवीस कामे, मशीन म्हणाली.

बरोबर निघेल की नाही, ठाऊक नाही.
निघालं तर आभारांत काय लिहायचं?
मुरलीधर आहेर, निवृत्त निरीक्षक, चहा उतू गेला तेव्हा.

सहा पन्नास.
गॅलरीच्या कठड्याला बुटांचा खोका बांधलाय,
भोकं पाडलेला, पांढरा रंग दिलेला, तोंड उत्तरेला.
नाना वाकले. श्वास रोखला.
खाली दूधवाल्याची मोटरसायकल, मग काहीच नाही.
"सहा पूर्णांक चार," ते म्हणाले, वही उघडत,
"पण हा आपल्या भिंतींचा आकडा.
पोपटला विचारून खरा लिहितो."